शिट्टीतला बोळा

हैबती उतेकर मुळात वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगितलं तर वकिली केल्यासारखं होईल. पोलादपूरहून वर चढून गेलं की डोंगराच्या पाठीला चिकटलेली खडकवाडी लागते. दहा-बारा घरं, उतारावर नाचणी आणि वरी, खाली ओढ्याकाठी थोडा भात. तिथे तो जन्मला आणि आठवड्याच्या आत त्याची आई गेली. शेजारच्या घरात साळूबाई होती, अठरा वर्षांची. तिचं पहिलं मूल त्याच पंधरवड्यात गेलेलं. तिने हैबतीला उचललं, पदराखाली घेतलं आणि दोन वर्षं पाजलं. या उपकाराचा तिने पुढे कधी उच्चार केला नाही. हैबती मात्र तो विसरला नाही, आणि तेच त्याला पुढे जड गेलं.

साळूबाईला त्यानंतर दहा वर्षांनी येसाजी झाला, तेवढा एकच. नवरा कुशाबा कड्यावर गवत कापताना पाय घसरून वारला. तेव्हापासून ती आणि तो पोरगा. वाडीत कुठेही बाळंतपण झालं की तान्ह्याला तेल लावून न्हाऊ घालायला साळूबाईच लागे. आईकडे रडून गोंधळ घालणारं पोर तिच्या पायांवर निजवलं की गप्प होई. नव्या आयांना याचा थोडा रागही येत असे, पण पुढच्या बाळंतपणालाही बोलावणं तिलाच.

हैबती सोळाव्या वर्षी मुंबईला गेला. खोऱ्यातली बाकीची पोरं गिरणीत शिरली. हा एका रेल्वे कंपनीच्या इंजिनशेडमध्ये कोळसा फोडायला लागला आणि दहा-बारा वर्षांत आगवाला झाला. इंजिन चालवतो ड्रायव्हर, पण त्याच्या पोटात कोळसा घालून आग जागती ठेवतो तो आगवाला. शिमग्याला तो दासगावच्या धक्क्यावर लाँचमधून उतरला, की महाडपर्यंतच्या वाटेवर ओळखीचे लोक त्याला थांबवून इंजिनाबद्दल विचारायचे. तोही ऐटीत सांगायचा. त्या ऐटीला भुलून एका वर्षी येसाजीने हट्ट धरला की मीपण येणार.

साळूबाईचं मन होत नव्हतं. "त्याला डोंगराशिवाय कायबी ठावं नाय रे," ती म्हणाली. "लोखंडाजवळ नको धाडू त्याला."

"मी हाय ना, काकी," हैबती म्हणाला. "माज्याच लायनीवर लावतो. रोज नदरंसमोर ऱ्हाईल."

"मंग तुज्यावर सोडते," ती म्हणाली, आणि तिने येसाजीचं गाठोडं बांधलं. हैबतीने शब्द पाळला. घाटातल्या रुळांवर काम करणाऱ्या एका टोळीत त्याने येसाजीला चिकटवून दिलं. रूळ वर-खाली झाले की पहारीने उचलून खाली खडी ठोकायची, असं ते काम. हैबतीची गाडी जाताना येसाजी पहार खांद्यावर घेऊन बाजूला उभा राहायचा आणि हसायचा.

साधारण १९२४च्या सुमाराला कंपनीच्या एका साहेबाच्या डोक्यातून आपोआप वाजणारी शिट्टी निघाली. घाटातल्या मोठ्या वळणाच्या अलीकडे रुळाशेजारी एक लोखंडी पट्टी बसवली. चार-पाच इंजिनांच्या पोटाखाली एक दांडा लोंबत ठेवला. दांडा पट्टीवर घासला की वर उचलला जाई, वाफेची वाट मोकळी होई आणि इंजिनाच्या टपावर बसवलेली छोटी शिट्टी आपली आपण किंचाळायला लागे. ड्रायव्हरने मूठ दाबेपर्यंत थांबत नसे. वळणापलीकडच्या टोळीने ती ऐकावी आणि बाजूला व्हावं, हा हेतू. हेतू चांगलाच होता. पण साहेब लोकांना एक सोय दिसली की तिच्यासाठी दुसरी काढून घ्यायची खोड असते. यंत्र वाजतंच आहे म्हणून टोळीतला झेंडीवाला काढून त्याच्या हातातही पहार दिली. आणि यंत्र वाजतंच आहे म्हणून वळणावर हाताने शिट्टी ओढायची ड्रायव्हरांची जुनी सवयही हळूहळू सुटली.

ही शिट्टी घाटात एकदा वाजायची, पण यार्डात मात्र उच्छाद मांडायची. तिथे रुळांची जाळी. दांडा कुठेही घासायचा आणि भलत्या वेळी कानाशी किंकाळी फुटायची. ड्रायव्हर वैतागून शिव्या द्यायचा. हैबतीला यावर उपाय शोधायला डोकं खाजवावं लागलं नाही. खडकवाडीत माणसं आणि गुरं एकाच छपराखाली. घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असलं की गाईच्या गळ्यातल्या घंटेत गवताचा बोळा कोंबायचा, म्हणजे मान हलवली तरी ती वाजत नाही. आणि सकाळी गुरं रानात सोडताना बोळा आठवणीने काढायचा, नाहीतर रान उंच आणि गाय मुकी, शोधायची कशी? हे तो चालायला लागल्यापासून करत आला होता. त्याने इंजिन पुसायच्या सुताचा बोळा केला, कोळशाच्या ढिगावरून टपावर चढला आणि शिट्टीच्या तोंडात घट्ट कोंबला. पुढच्या वेळी तिच्यातून नुसतं फुस्स झालं. ड्रायव्हरने त्याची पाठ थोपटली. घाट सुरू व्हायच्या आधी गाडीला मागून ढकलायला दुसरं इंजिन जोडायचे, तेवढ्या वेळात बोळा काढून टाकायचा, असं ठरलं. दीड वर्ष तो रोज कोंबत होता आणि रोज काढत होता. घंटेचा बोळा काढायला विसरला तर गाय हरवते, एवढंच त्याला माहीत होतं.

१९२६च्या श्रावणात एका सकाळी कोळसा भिजलेला आला. आग धरत नव्हती, वाफ पडत होती. घाटाच्या पायथ्याशी गाडी उभी राहिली तेव्हा हैबती फावडं आणि सळई घेऊन आगीशीच झुंजत होता. बोळ्याची त्याला आठवण झाली नाही असं नाही. झाली. वर पाऊस कोसळत होता, टप निसरडा होता आणि वाफ चढली नाही तर गाडी मध्येच अडकणार होती. एक दिवस नाही काढला तर काय होतंय, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने आणखी एक फावडं आत मारलं.

धुक्यात वळण आलं. शिट्टी वाजली नाही. ड्रायव्हरने मान वळवून हैबतीकडे पाहिलं आणि हात शिट्टीच्या दोरीकडे नेला, तोवर इंजिन वळणाबाहेर पडलं होतं. टोळीतले चौघे उड्या टाकून सुटले. पाचवा रुळाखाली पहार घालून तिच्यावर भार देऊन ओणवा झालेला होता, पाठ इंजिनाकडे.

गाडी थांबली. हैबती खाली उतरून धावला नाही. तो आधी टपावर चढला, बोळा उपसला, आगीत टाकला आणि मग खाली उतरला. पाचवा कोण हे त्याला माहीत होतं. पहारीवर ओणवं होण्याची ती पद्धत तो शंभर पावलांवरून ओळखत होता.

चौकशी झाली. साहेबाने तेच इंजिन तीनदा पट्टीवरून नेलं आणि शिट्टी तिन्ही वेळा खणखणीत वाजली. टोळीवाले म्हणाले, आम्हाला ऐकू आली नाही. पण त्यांचं कोण ऐकतो. ड्रायव्हरने सांगितलं, वाजली. हैबतीला विचारलं तेव्हा त्यानेही मान डोलावली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात; त्याला वाटत होतं की आपल्या हातांकडे बघूनच साहेबाला कळेल. साहेबाला काही कळलं नाही. कागदावर आलं ते असं: शिट्टी वाजली होती, चौघे हटले, येसाजी हटला नाही, त्याअर्थी त्याला कानाने कमी ऐकू येत असावं.

पावसाळ्यात समुद्र बंद, लाँच नाही. हैबती पुण्याकडून महाबळेश्वरला आला आणि घाट उतरून चालत पोलादपूरला पोचला. काखेत येसाजीची घोंगडी होती. साळूबाईने ती घोंगडी पाहिली आणि त्याच्या काखेतून काढून घेतली. दिवस झाल्यावर तिने विचारलं, "कसं झालं रे?" हैबतीने सांगितलं: धुकं होतं, त्याला काही कळलंच नाही. पण टोळीतला पाचाडचा एक गडी भातकापणीला गावी आला होता; त्याने महाडच्या बाजारात कागदातली गोष्ट सांगितली आणि ती आठवडाभरात डोंगर चढून वाडीत आली.

येसाजी पाच वर्षांचा असताना त्याचा कान वाहत होता. साळूबाईने लसूण घालून तेल तापवलं आणि त्याच्या कानात सोडलं. तेल फार गरम होतं. पोरगं रात्रभर किंचाळत होतं. चार दिवसांनी बरं झालं, आणि पुढे तो पलीकडच्या डोंगरावरची हाकसुद्धा ऐकायचा. हैबतीने स्वतः त्याला अशा हाका घातल्या होत्या. पण आईने हाक मारली की ऐकू न येणं हा पोरांचा जुनाच आजार, तो येसाजीलाही होता. साळूबाईने तो आजार आणि ते तेल एकत्र जोडलं. इंजिनाने मारलं नाही. मी मारलं, सतरा वर्षांपूर्वी, पळीभर तेलाने. त्या दिवसापासून तिने कुणाचं तान्हं हातात घेतलं नाही. बोलावणं आलं की म्हणायची, "माजं हात चांगलं नायत."

एवढं ऐकल्यावर खरं सांगायला किती वेळ लागावा? हैबतीला दहा वर्षं लागली. दर शिमग्याला तो ठरवून यायचा आणि ओसरीवर बसला की वेगळंच काहीतरी बोलायचा. एका वर्षी म्हणाला, ड्रायव्हर प्यायलेला होता. दुसऱ्या वर्षी म्हणाला, साहेब आता म्हणतोय की चूक झाली. हद्द म्हणजे महाडच्या एका लेखनिकाकडून त्याने कंपनीच्या नावाने कागदच लिहवून आणला, की येसाजीचा कान ठणठणीत होता आणि त्याचा काही दोष नव्हता. पोलादपूरच्या महिपती गुरुजींनी तो तिला वाचून दाखवला. साळूबाईने कागद घडी घालून ठेवला आणि हैबतीला ताक दिलं. कागदावर शिक्का नाही हे गुरुजींच्या नजरेतून सुटलं नव्हतं, पण त्या वेळी ते काही बोलले नाहीत.

मधल्या काळात हैबतीने इंजिन सोडलं आणि गावाला येऊन शेती बघायला लागला. लोकांना वाटलं, धुराने छाती गेली. उतारवयात लग्न केलं ते बयाबाईशी, आणि १९३६ साली त्यांना मुलगी झाली. बयाबाई परक्या गावची. तिने साळूबाईला न्हाऊ घालायला बोलावलं. साळूबाई दारापर्यंत आली, उंबऱ्याबाहेरून त्या पोरीकडे बराच वेळ बघत उभी राहिली आणि आत न येता परत गेली. हैबतीने ते गोठ्यातून पाहिलं. ज्या हातांनी आपण वाढलो ते हात आपल्या पोरीला लागायला भितात, आणि ते कुणामुळे, हे त्याला त्या क्षणी इतकं लागलं की तो तसाच तिच्यामागून तिच्या घरी गेला.

"काकी, मला तुला सांगायचं हाय," तो म्हणाला. "येसाचा कान चांगला होता. शिट्टी वाजलीच नाय. मी तिच्यात बोळा कोंबला होता. काढायचा ऱ्हायला. ऱ्हायला बी नाय, मी काढला नाय. मागनं काढून जाळला. मी मारला त्याला."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. तो तिच्यासमोर खाली बसला. ती शिव्या घालील, पळीने मारील, वाडी गोळा करील. जे करील ते घ्यायची त्याची तयारी होती. मुलगी झाल्यापासून त्याची झोप उडाली होती आणि आता पहिल्यांदाच त्याला हलकं वाटत होतं.

"झालं बोलून?" साळूबाई म्हणाली.

"काकी, खरं सांगतो."

"धुक्याचंबी तू खरंच म्हनून सांगितलंस. मंग ड्रायव्हर प्याला होता. मंग त्यो कागूद." तिचा आवाज मऊ होता. "गुरुजींनी मला मागनं सांगितलं, त्यो कागूद कंपनीचा नाय म्हनून. मी बोलले नाय. म्हटलं, पोरगा एवढं करतोय तर करू दे."

"ते समदं खोटं होतं. ह्ये खरं हाय."

"आता तर सोताच्या डोस्क्यावर घेतलंस," ती म्हणाली. "तेल मी तापवलं, बाबा. मला ठावं हाय, किती तापवलं ते."

हैबतीने पोरीची शपथ घेतली. तिने पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. तान्ह्या लेकराची खोटी शपथ घेऊ नये, म्हणाली. तिचा हात खरबरीत होता आणि त्याला धुराचा वास येत होता. मग ती भाकरी थापायला वळली. पाठमोरीच म्हणाली, "माज्यासाठी एवढं खोटं बोलायला तुज्याबिगर कोन हाय मला?"

त्याने पुन्हा दोनदा सांगून पाहिलं, एकदा त्याच दिवशी आणि एकदा दिवाळीच्या सुमाराला. दोन्ही वेळा तिने त्याला जेवायला वाढलं.

पुढच्या उन्हाळ्यात साळूबाई गेली. शेवटपर्यंत तिने कुणाचं मूल हातात घेतलं नाही. अग्नी हैबतीने द्यावा असं तिनेच सांगून ठेवलं होतं, म्हणून मडकं त्याने खांद्यावर घेतलं. ओढ्याकडे उतरताना लोक आपसात म्हणत होते की पोटचा मुलगासुद्धा इतकं करत नाही. हैबती पुढे चालत होता, त्याला ते सगळं ऐकू येत होतं.