खाली करो

अपघातात चेपलेली जुनी स्पोर्ट्स कार जुन्या गाड्यांच्या शर्यतीत पळवायचीच, या हट्टापायी मी दोन वर्षं हिंदी मुलखात, बिजौलीतल्या वर्कशॉपात घालवली. शेवटी इंजिन बसलं, नवं ऑइल भरलं. जॅकवरची गाडी उतरवून कधी एकदा सुरू करतो असं मला झालं होतं.

"भैया, जल्दी खाली करो," मी मिस्त्रींवर ओरडलो. घाईत घरची मराठी तोंडात आली. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. त्यांनी इंजिनातलं सगळं ऑइल ट्रेमध्ये सोडलं.

मी भडकलोच. ते मात्र ट्रेमध्ये बोटं फिरवत होते. आमच्याच हातून इंजिनात पडलेला, ऑइलबरोबर बाहेर आलेला एक नट त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

"अब नीचे करूँ, भाईसाहब?"