काचेपलीकडचा चहा

माझ्या खोलीच्या काचेपलीकडे आई थर्मासमधून चहा ओतत होती. बाबांना आणि काकांना स्टीलच्या पेल्यात, ताईला कागदी कपात. ताईने जातीबाहेर लग्न केल्यापासून तिचा कप असाच, एकदा वापरून फेकायचा.

इकडे माझ्या शिरेत ताईचीच अस्थिमज्जा थेंबथेंब उतरत होती. तिच्या त्या कोवळ्या पेशींतून माझं नवं रक्त घडायचं होतं. डॉक्टरबाईंनी समजावलं होतं, "आपल्या रक्तात पहारेकरी पेशी असतात. दिसेल त्या पेशीवर त्या घरची खूण शोधतात, नाही सापडली की मारून टाकतात. ताईंची खूण तुमच्याशी अर्धीच जुळते, म्हणून आधी औषधाने तुमचे पहारेकरी गारद केलेत."

त्या पहारेकरी पेशींवर मी काय रागवणार? त्या काही ताईच्या हातचा दहीभात खाऊन वाढलेल्या नाहीत. मी वाढलोय. तरी तिचा कप वेगळा झाला, त्या दिवशी मी मुकाट्याने माझ्या पेल्यातला चहा संपवला होता.

काही आठवड्यांनी डॉक्टरबाई म्हणाल्या, "रुजल्या हं पेशी!" काचेपलीकडे आईने देवाला हात जोडले, डोळे पुसले आणि थर्मास उघडला.

ताईने पिशवीतून आपला कागदी कप स्वतःच काढला.