मी निवडलेले जंत

जंताच्या औषधात मी पाणी घातलं होतं. चोरून नव्हे. भर कॅम्पात, पांढरा ॲप्रन घालून.

तेरजवळचं गाव. मी नवी पशुवैद्यक, डिग्रीचा वारा अंगात. गावभरच्या शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं होतं आणि बाटल्या निम्म्याच आल्या. साहेबांना फोन केला.

"कारणं नकोत. एकही शेळी सुटायची नाही. रिपोर्ट शंभर टक्के पाहिजे."

मग निम्मं औषध, निम्मं पाणी. पुढची तीन वर्षं हीच अक्कल, हेच औषध. वर शाबासकीचं पत्र मिळालं, ते मी फ्रेम केलं.

चौथ्या पावसाळ्यात रशीदाबीचाचींच्या शेळ्यांच्या जबड्याखाली पाणी साचून थैल्या लोंबू लागल्या. पापण्या उलटल्या, तर पांढऱ्याफटक. पोटातले जंत रक्त पीत होते. अकरा शेळ्यांवर चाचींचं घर चालायचं.

पूर्ण डोस पाजला. दहा दिवसांनी लेंड्या तपासल्या. जंतांची अंडी तेवढीच. तोवर दोन शेळ्या गेल्या.

"चाची, औषध थुंकू दिलंत तुम्ही," मी झापलं.

"जबडा म्याच धरला व्हता. पाजलं तुमीच."

साहेब म्हणाले, "औषध बोगस असेल." मला हे फारच पटलं. पण शेजारच्या गावात, जिथं आमचा कॅम्प कधी पोचलाच नव्हता, तीच बाटली चोख चालली.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. जंत काही शिकत नाहीत. हजारोंत चार-दोन जन्मतःच चिवट असतात. पातळ औषधानं लेचेपेचे मेले, चिवट उरले, पुढची पिलावळ त्यांचीच. ज्वारीचं बी धरताना टपोरं कणीस निवडतात, तसे मी तीन वर्षं जंत निवडले. सरकारी शिक्क्यानिशी.

औषधाचा गट बदलला, म्हणजे जंतांना वेगळ्याच तऱ्हेनं मारणारं औषध आणलं. डोस वजनावर, तोही फक्त पांढऱ्या पापणीच्या शेळ्यांना. बाकीच्यांच्या पोटात साधे जंत राहू दिले, म्हणजे चिवटांचंच राज्य होत नाही.

साहेब भडकले. "मग रिपोर्टात निम्म्याच शेळ्या दाखवू?"

"दाखवा."

आजही कॅम्पात पाजलेली तोंडं मोजतात. नंतर लेंडी तपासायला कुणी फिरकत नाही. माझं डोकं अजून तापतं.

चाचींच्या सात शेळ्या वाचल्या, चार गेल्या. मी त्यांच्या दारात बसून सगळं कबूल केलं. त्या एका शेळीचा कान चोळत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या,

"पावणे वाढले की आमटीत पाणी म्या बी वाढवते, मॅडम. पर आमटीला जंत मारायचे नसत्यात."