काल देणारे साहेब

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर वेडंवाकडं आहे. चौथीपर्यंतच शिकले, माफी असावी.

नोएडात गाणं, नाच, चित्रं दाखवणारं एक सॅटेलाइट चॅनेल निघालं होतं. तिथे मी डबे द्यायची. हिशेब बघणारे साहेब मराठी, पण दिल्लीत वाढलेले. हिंदीतल्या ‘कल’चं ते ‘काल’ करत. “मावशी, पैसे काल देतो, बिल्कुल!” बोलायचे दबक्या आवाजात आणि स्टुडिओत गाणं चालू असलं की घास हातातच धरून थांबायचे.

जाहिराती मिळेनात, म्हणून वर्षाच्या आत चॅनेल बंद पडलं. माझे पैसे अडकले. किराणावाल्याने उधारी बंद केली. फाटकाशी साहेब म्हणाले, “काल नक्की.”

“अहो, काल तर गेला!” मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले.

“मग काय म्हणतात?”

“उद्या.”

त्यांनी तो शब्द दोनदा पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात उभे होते. पगार त्यांचाही बुडाला होता, हे पैसे त्यांच्या घरातले होते. मी नको म्हणाले.

“जेवलो मी ना, मावशी?”

मग मी घेतले. शेवटच्या डब्यापर्यंतचे सगळे पैसे मिळाले.