दस्त वाढले, माणसं नाही

सकाळचे साडेअकरा वाजले असतील. कोल्हारच्या घरी मी शेंगदाणे भाजत होते, तेवढ्यात फोन आला. राहात्याच्या रजिस्ट्री ऑफिसबाहेर माझ्या बहिणीच्या शेजारच्या टेबलावर बसणारे दस्तलेखक दत्तूभाऊ बोलत होते. "ताई, अक्का अजून आल्या न्हाईत. फोन बी उचलंनात. अकराचं टोकन हुतं त्यांच्या पार्टीचं..." एवढं म्हणून ते थांबले. मी गॅस बंद केला आणि अंगावरच्या साडीनिशी रस्त्यावर आले. माझी थोरली बहीण विमल, जिला सगळं राहाता अक्का म्हणायचं, टोकनला उशीर करणारी बाई नव्हती. तिच्या टेबलावर पार्टी यायच्या आधी ती हजर असायची, कागद लावून, चष्मा पुसून.

बाभळेश्वरपर्यंत एसटीत उभी होते, पुढे बसायला जागा मिळाली तरी बसवेना. खड्ड्यांमुळे गाडी पळत नव्हती, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्याच पाट्या... 'प्लॉट विकणे', 'गाळे उपलब्ध', 'थेट मालकाशी बोला'. त्या पाट्या बघवेनात. खरं सांगते, त्या वेळी मला दुखण्याची भीती वाटली नव्हती. मला माणसांची भीती वाटली होती. का, ते पुढे सांगते. पण तसं काही नव्हतं. अक्काच्या घराच्या दाराला आतून कडी होती. दत्तूभाऊंनी आणि गल्लीतल्या लोकांनी ती काढली तेव्हा अक्का अंथरुणावर कुशीवर झोपलेली होती, हात गालाखाली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, हृदय थांबलं. तिला सत्तरावं लागलं होतं. या गोष्टीला आता सात आठवडे होत आले.

अक्काचं लग्न लवकर झालं आणि नवराही लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. बावीस-तेवीस वर्षांची पोर माहेरी परत आली, तेव्हा आमचे दादा, म्हणजे वडील, रजिस्ट्रीबाहेर दस्त लिहायचे. तिचं अक्षर मोत्यासारखं. दादांनी एक दिवस तिला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "मी सांगतो, तू लिही." गावात कुजबुज झाली, बाईमाणूस ऑफिसबाहेर बसतं म्हणून. दादांनी लक्ष दिलं नाही आणि अक्कानं तर मान वर करूनही पाहिलं नाही. पुढे तिनं स्वतःचा परवाना काढला. खरेदीखत, साठेखत, बक्षीसपत्र, हक्कसोड... हातानं लिहायचे दिवस संपले, टाइपरायटर आला, मग कॉम्प्युटर, मग अंगठ्याचं आणि फोटोचं मशीन. ती सगळं शिकत गेली. बोलणं मात्र शेवटपर्यंत गावचंच राहिलं. दस्तात 'सदर मिळकतीचा प्रत्यक्ष कब्जा' असं लिहिणारी अक्का उठून म्हणायची, "चला, लई झालं, भूक लागली."

तिला एक सवय होती. संध्याकाळी घरी आली की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात दोन आकडे लिहायची. वरचा आकडा घरांचा, म्हणजे राहते प्लॉट, फ्लॅट, घरं. खालचा दुकानांचा, गाळ्यांचा. त्या दिवशी ऑफिसात किती व्यवहार झाले, एवढंच. ती कुणाकुणाला विचारून, बाहेर लागलेली यादी बघून ते जमवायची. मी एकदा हसले तर म्हणाली, "डॉक्टर नाडी बघतो का न्हाई? ही राहात्याची नाडी हाय." पितृपक्षात आकडे बसायचे, दसऱ्याला उठायचे. उसाची बिलं झाली की घरांचा आकडा चढायचा. शिर्डीच्या बाजूला काही नवं होणार अशी नुसती आवई उठली की गाळ्यांचा. लॉकडाऊनमध्ये तर शून्यांची रांग लागली होती. रिकाम्या चौकोनातही ती शून्य लिहायची, न चुकता. म्हणायची, "शून्य बी आकडाच हाय, सुमे." आणि ऑफिस पुन्हा उघडल्यावर, मुद्रांकात सवलत मिळाली तेव्हा, चौकोनात आकडे मावेनासे झाले.

सगळे खूश होते तेव्हा अक्का अस्वस्थ असायची. हे तिचं पहिल्यापासूनचं. आकडा हळूहळू चढला तर तिला बरं वाटायचं, एकदम चढला की जेवण जायचं नाही. चार वर्षांपूर्वी मोठ्या रस्त्याला लागून एक दुमजली व्यापारी संकुल उभं राहिलं. बांधणाऱ्याचं नाव मी लिहीत नाही, सगळे त्यांना शेठच म्हणायचे. त्या वर्षी घरांचा आकडा होता तिथेच राहिला आणि गाळ्यांचा मात्र महिन्यामागून महिना वाढत गेला. गावात एकच बोलणं, गाळा घ्या, नाहीतर हातचं जाईल. आमचे हे साखर कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. हातात आयुष्यभराची पुंजी आली होती आणि झोप उडाली होती. रोज सकाळी म्हणायचे, "आपण बसून राहू आणि लोक घेऊन मोकळे होतील." मलाही तसंच वाटायला लागलं होतं. शेवटी आम्ही दोघं अक्काकडे गेलो. कागद तिनंच करावेत, असं ह्यांच्या मनात होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. चहा दिला. मग म्हणाली, "दाजी, थोडं थांबा."

"किती थांबायचं, अक्का? तुमच्याच कॅलेंडरात बघा की. केवढे दस्त होतायत!"

"दस्त वाढल्यात, दाजी. माणसं न्हाई वाढली."

ह्यांना कळलं नाही. मलाही नाही. मग तिनं समजावलं. तीन महिने तिच्या मनात शंका होती. साक्षीदार तेच तेच दिसत होते. मग तिनं ऑफिसातल्या नोंदी काढून बघितल्या, कुणालाही बघता येतात तशा. तोच गाळा एकानं दुसऱ्याला विकलेला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि तिसरा पहिल्याचा मेहुणा. पाच-सहा माणसांच्या कोंडाळ्यात गाळे फिरत होते आणि प्रत्येक फेरीत दस्तातला भाव वर चढत होता.

"मुद्रांकाचा एवढा खर्च करून कोण कशाला फिरवील?" ह्यांनी विचारलं.

"तुमच्यासारख्याला दाखवायला. मागचा दस्त पुढं ठेवत्यात... बघा, ह्या भावानं गेला म्हणून."

परतताना एसटीत हे म्हणाले, "तुझ्या बहिणीला आपलं चांगलं व्हायला नको आहे." मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचं मला आजही वाईट वाटतं. गाळा आम्ही घेतला नाही, पण अक्कावर विश्वास ठेवला म्हणून नव्हे. तिनं मनात घातलेली भीती हातचं जाण्याच्या भीतीपेक्षा थोडी मोठी ठरली, एवढंच.

अक्का एवढ्यावर थांबली असती तर गोष्ट घरातच राहिली असती. पण दोन-तीन आठवड्यांनी अकोले तालुक्यातला एक निवृत्त फौजी आणि त्याची बायको तिच्या टेबलावर आले. डोंगराकडचं गाव सोडून पोरांच्या शिक्षणासाठी इकडे यायचं, दुकान टाकायचं, असा त्यांचा बेत होता. खरेदीखत लिहून द्या म्हणाले. अक्कानं कागद बाजूला ठेवला. "मी लिहिनार न्हाई," ती म्हणाली. "आन् दुसऱ्याकडनं लिहून घ्यायच्या आधी ह्या गाळ्याच्या मागच्या नोंदी काढून बघा." फौजी आत गेला, नोंदी काढल्या, वाचल्या. बाहेर येऊन त्यानं तिच्याकडे बघितलं, टोकनची चिठ्ठी फाडली आणि बायकोला घेऊन निघून गेला. हे सगळं दहा-बारा माणसांसमोर झालं.

दुसऱ्या दिवशी शेठचा माणूस आला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. समोरच्या खुर्चीवर बसून शांतपणे म्हणाला, "अक्का, तुमचं काम लिहायचं. वाचून दाखवायचं न्हाई. एकट्या राहता... तब्येतीला जपा." बस, एवढंच. पण तेव्हापासून अक्काचं घर बदललं. दिवसासुद्धा दाराला कडी. खिडकीला जाड पडदा. मोटारसायकल दारापुढे थांबली की बोलणं अर्ध्यावर सोडून ती पडद्याआडून बघायची. रोज सकाळी आठला मला फोन करायची. "उठलीये, बरी हाय," म्हणायची आणि ठेवून द्यायची. आठ वाजून पाच मिनिटं झाली आणि फोन आला नाही की मीच तिला फोन लावायचे. मी म्हणायचे, पोलिसात जाऊ. ती म्हणायची, "काय सांगनार? तब्येतीला जपा म्हनला, हेच ना?" प्लॉटवाल्यांनी तिच्याकडचं काम काढून घेतलं. एकट्या दत्तूभाऊंनी तिच्या शेजारचं टेबल हलवलं नाही. ती बक्षीसपत्रं आणि मृत्युपत्रं लिहीत राहिली.

आणि बाजार? बाजार तर पडलाच नाही! पुढची दोन वर्षं गाळ्यांचा आकडा चढतच राहिला. ह्यांच्या जुन्या सोबत्यांपैकी एकानं तिथे गाळा घेतला, पेढे वाटले. ते पेढे ह्यांनी देवापुढे न ठेवता ताटलीत तसेच ठेवले आणि मला म्हणाले, "सांग तुझ्या अक्काला." ते तिच्याकडे जायचे बंद झाले. मी एकटी जायचे. एकदा तिलाच विचारलं, "अक्का, तुझं चुकलं तर नसेल?" ती म्हणाली, "चुकलं आसंल तर बरंच हाय की. कुनाचं नुकसान न्हाई व्हनार."

चुकलं नव्हतं. दीड वर्षापूर्वी खालचा आकडा उतरू लागला आणि उतरतच गेला. त्या संकुलात ज्यांनी शेवटी शेवटी घेतलं, त्यांना विकायला गिऱ्हाईक मिळेना, भाड्यानं द्यायला भाडेकरू मिळेना. शेठ दुसऱ्या गावी दुसरं काम करायला निघून गेले. वरच्या मजल्यावरची शटर्स अजून बंदच आहेत. ह्यांचे ते सोबती आता रोज सकाळी जाऊन आपल्या रिकाम्या गाळ्यात झाडू मारतात आणि खुर्ची टाकून बसतात.

एक दिवस हे मला न सांगता राहात्याला गेले. दत्तूभाऊंनी मला नंतर सांगितलं. अक्काच्या टेबलासमोर जाऊन हे उभे राहिले. म्हणाले, "अक्का, चहा सांगू का?" अक्का म्हणाली, "सांगा. माझ्यात साखर नगं." दोघांनी चहा घेतला. उसाच्या, पावसाच्या गोष्टी झाल्या. गाळ्याचा विषय कुणीच काढला नाही. घरी आल्यावर हे म्हणाले, "रविवारी अक्काला जेवायला बोलाव."

त्या रविवारी ती आली. जेवणं झाल्यावर आम्ही दोघी ओसरीवर बसलो होतो. मी म्हणाले, "तुझं बरोबर निघालं." मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिचा चेहरा उतरला.

"सुमे, त्या फिरत्या गाळ्यांचे पहिले तीन दस्त मी लिहिल्यात."

"तुला तेव्हा कुठं माहीत होतं?"

"साक्षीदार तेच हायेत, हे तिसऱ्या दस्तालाच ध्यानात आलं हुतं. मी म्हनलं, आपल्याला काय करायचंय... आन् लिहिला." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "तिथं थांबले आसते तर?"

तेव्हा मला कळलं की ती रोज दुपारी ऑफिसातून त्या संकुलापर्यंत चालत का जायची. कुणी दुकान शोधतंय असं कानावर आलं की त्या माणसाला ती तिकडे घेऊन जायची, भाडं ठरवून द्यायची, करार फुकट लिहून द्यायची. एक शिलाईवाली, एक झेरॉक्सवाला, एक दाढी-कटिंगचं दुकान... अशी चार शटर्स तिनं उघडून दिली. पाचव्यासाठी धडपडत होती. आम्हाला वाटायचं, आता कसली भीती राहिली हिला? शेठ गेले, तो माणूसही पुन्हा दिसला नाही, सकाळचा आठचा फोनही तिनं बंद केला होता. पण तिच्या दाराची कडी तशीच असायची. ती भीती आता बाहेरच्या कुणाची नव्हती, हे मला फार उशिरा समजलं.

गेल्या आठवड्यात दत्तूभाऊंचा पुन्हा फोन आला. अक्काच्या घराला लागून उत्तरेला शेवंताबाई राहतात, भाजीचा गाडा लावून एकटीनं दोन मुली वाढवलेल्या. त्यांना आपलं घर धाकट्या मुलीच्या नावावर करायचं होतं. ते बक्षीसपत्र अक्कानं लिहून ठेवलेलं होतं, नोंदणी तेवढी राहिली होती. शेवंताबाईंना साक्षीदार म्हणून मीच हवी होते. मी गेले. ऑफिसात गर्दी होती, सर्व्हर बंद पडला होता, लोक भिंतीला टेकून बसले होते. दत्तूभाऊंनी छापलेला दस्त एकदा शेवटचा वाचायला घेतला. नावं, पत्ते, मग मिळकतीची चतुःसीमा. "पूर्वेस रस्ता... पश्चिमेस पडीक जागा... दक्षिणेस..." ते अडखळले. कागद माझ्याकडे वळवला. तिथे अक्कानं स्वतःच्याच हातानं टाइप केलं होतं : 'दक्षिणेस विमल रंगनाथ यांचे राहते घर.'

"ताई," दत्तूभाऊ हळू आवाजात म्हणाले, "वारस तुमीच. हितं आता तुमचं नाव टाकू का? दोन मिंटाचं काम हाय."

माझ्याआधी शेवंताबाई बोलल्या. "नगं, भाऊ. माझ्या पोरीला शेजार अक्कांचाच राहू द्या."

मी दत्तूभाऊंना म्हणाले, "घराची नोंद अजून तिच्याच नावावर आहे. तसंच चालेल."

सर्व्हर सुरू झाला. आमचा नंबर पुकारला गेला. मी कॅमेऱ्यासमोर बसले, मशीनवर अंगठा ठेवला आणि साक्षीदाराच्या जागी सही केली.