झेंडूखालचं पाणी

अन्याय झाला तो माझ्या चार वर्षांच्या भाचीवर, यंदाच्या उन्हाळ्यात, राजुऱ्याजवळच्या एका लॉनवर, माझ्या भावाच्या हळदीच्या दुपारी. फोटो चांगले यावेत म्हणून तिथल्या स्विमिंग पूलवर झेंडूच्या पाकळ्या इतक्या पसरल्या होत्या, की पाणी दिसतच नव्हतं. तिला ती सतरंजी वाटली असावी.

“पोट्टी कुठी हाये?” तिच्या आईनं, माझ्या ताईनं विचारलं.

“मले काय पुसतं, बाई? मामाजवळ असन,” आमची मावशी हसली.

“माह्याजवळ? मी तं जेवून राह्यलो!” आमचा मामा ओरडला.

पूलवरच्या पाकळ्या पुन्हा जुळून आल्या होत्या, फक्त एका जागी तिची रिबीन तरंगत होती. मी उडी मारून तिला बाहेर काढलं, तेव्हा श्वास थांबलेला होता; तो परत आलाच नाही. सगळे नशिबाला बोल लावत रडले. नशीब कसलं? मांडवभर मोठी माणसं होती. पुढच्या कार्यात पूलजवळ एक माणूस नावानिशी नेमून बसवा, आणि त्याचा मोबाईल काढून घ्या.