जहाजावर लपवलेला पाव

आईचा समुद्र पाहायचा राहिला तो माझ्यामुळे. आमचं गाव बेल्याजवळ, पैनगंगेच्या काठाला. नदीला पूर आला की आई हमखास विचारायची, "समुद्र याच्याहून केवढा असंन वं?" आदिलाबादला नोकरीला लागल्यापासून मी तिला दरसाल सांगत आले, पुढच्या उन्हाळ्यात नेते. किती उन्हाळे गेले! मग आईचं डोकं विस्कटत गेलं. आधी ती गॅसवरचं दूध विसरायची, मग घरातली माणसं. तेव्हा कुठे मी खडबडून जागी झाले आणि मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजाची तिकिटं काढली. भाऊ म्हणाला, "वरातीमागून घोडं काऊन नेऊन राह्यली?" मी त्याच्यावर खेकसले. खरं बोलणाऱ्यावरच मी जास्त खेकसते.

मला एवढंच हवं होतं की तिनं एकदा पाण्याकडे बघावं आणि तिला कळावं, हा समुद्र, आणि आपल्याला इथे आपली लेक घेऊन आली.

जहाजावर चढताना मनगटाला नंबराची पट्टी बांधली. पुढे लिफ्ट, लांबलचक बोळ, दोन्हीकडे नंबरांची दारं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं. आमच्या खोलीत पांढरीशुभ्र चादर घातलेला पलंग होता. जन्मभर कापूस वेचलेल्या आईनं आधी उशी दाबून पाहिली. "यात कापूस नाही," म्हणाली. मग चपला पलंगाखाली सरकवल्या आणि गुमान आडवी झाली. "डॉक्टर कवा येते?"

कपाळ माझं! आईनं लिफ्ट आणि पांढऱ्या चादरी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिल्या होत्या, नागपूरच्या दवाखान्यात. बाबा तिथे वीस दिवस होते आणि तिथेच गेले. जेवण फक्त पेशंटला मिळायचं. मी आणि आई बाहेरच्या बाकावर बसून असायचो. बाबा आपल्या ताटातली पोळी रुमालात दडवायचे आणि सिस्टरच्या हाती आमच्यासाठी बाहेर पाठवायचे.

"आई, हे जहाज आहे. दवाखाना नाही."

"हो का," ती म्हणाली. "मंग सुट्टी कवा देतीन?"

दुपारी तिला वरच्या गच्चीवर नेलं. आरामखुर्च्यांवर लोक पसरले होते, कुठेतरी गाणी चालू होती. जहाज सुटलं. कबूल करते, अर्धा तास मलाही फार बरं वाटलं. वारा होता, स्वयंपाक नव्हता, ऑफिसचा फोन लागत नव्हता. किनारा दिसेनासा झाला आणि चारी बाजूंनी पाणीच पाणी राहिलं.

"बघ ना वं आई! पैनगंगेहून केवढा आहे सांग."

तिनं पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

"कोनाची पऱ्हाटी बुडाली वं एवढी?" तिनं विचारलं. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं उभं पीक.

माझा तोल गेला. "समुद्र आहे आई, समुद्र! किती वेळा सांगू?" आजूबाजूच्या खुर्च्यांतून माना वळल्या. आईनं डोक्यावर पदर ओढला. "चिडू नका बाई. मी गुमान बसतो."

मला स्वतःचीच लाज वाटली. मी चहा आणला, सोबत दोन मऊ गोल पाव. आईनं एक खाल्ला. दुसरा तिनं इकडेतिकडे बघत पदराखाली घेतला, कागदी रुमालात गुंडाळला आणि माझी बाही ओढली.

"सिस्टरबाई, बाहीर बाकावर माही पोरगी बसून हाय. सकाळपासून उपाशी असंन. एवढं तिले नेऊन द्या."

मी पाव घेतला.

"अन् तिले सांगा, समुद्राचं राहू दे यंदा. जीव नको जाळू म्हना. मले बरं वाटलं का पुढच्या उन्हाळ्यात जाऊ."

मी जिन्यापाशी गेले. तिथे बाक नव्हता, म्हणून पायरीवरच बसले आणि तो पाव खाल्ला. पुरा खाल्ला. परत आले तर आई वाटेकडे डोळे लावून बसली होती.

"खाल्ला का तिनं?"

"खाल्ला."

"काय म्हनली?"

"बरं म्हणाली."